रॉक-पॉपमधली पडद्यामागची माणसं कोण? कुठलं गाणं ऐकलं की त्यांचं काम कानाला कळंल?

ऑक्टोपॅड_परभणी

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातला, ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो, चौदा वर्षं झाली. गणपती, नवरात्र, भीमजयंती, हळदीचे कार्यक्रम, जिथं बोलावतील तिथं जातो. आधी विचारायचं कारण सांगतो मग प्रश्न विचारतो, जरा लांबंल पण वाचा.

मागच्या आठवड्यात घर सावरताना काकांच्या ट्रंकेत आराधी गाण्यांची एक कॅसेट सापडली. त्यात पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत जो बेंजो वाजतो तो आमच्या काकांचा आहे. आतला कागद काढून बघितला तर गायकाचं नाव मोठ्या अक्षरात, त्याचा फोटो, खाली गीतकार, कंपनीचा पत्ता, किंमत, सगळं आहे, पण काकांचं नाव नाही, ढोलकीवाल्याचं नाही, संबळवाल्याचं पण नाही. काकांनीच निळ्या पेनानं कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, बेंजो, आणि पुढं स्वतःचं नाव. काका जाऊन सहा वर्षं झाली. तो कागद हातात धरून मी लई वेळ तिथंच बसलो.

त्याच रात्री भाचा आला होता, तो संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे, गिटार शिकायलाय आणि इंग्रजी गाणी ऐकतो. एक गाणं लावलं आणि मला म्हणला मामा हे बेस कोण वाजवायलंय बघा की. आम्ही दोघांनी मोबाईलवर शोधलं तर सगळीकडं फक्त गायकाचंच नाव. तवा वाटलं की तिकडं इतका पैसा, इतके मोठे स्टुडिओ, तरी तिकडं पण असंच आहे का?

तर प्रश्न असा की इंग्रजी रॉक-पॉपमध्ये ज्यांनी खरा आवाज घडवला पण जे स्टेजवर दिसले नाहीत अशी माणसं कोण? नुसती नावांची यादी नको, कुठलं गाणं लावायचं आणि त्यात कशाकडं कान द्यायचा ते सांगा. माझं इंग्रजी कच्चं आहे पण कान पक्का आहे.

बेस_संभाजीनगर

दादा, काकांचं वाचून गलबलून आलं. पहिलं नाव डोळे झाकून सांगतो, जेम्स जेमरसन.

डेट्रॉईट म्हणजे अमेरिकेतलं गाड्यांच्या कारखान्यांचं शहर, आपलं वाळूज समजा पण कितीतरी पट मोठं. तिथं बेरी गॉर्डी नावाच्या माणसानं १९५९ ला मोटाऊन ही रेकॉर्ड कंपनी काढली, तो स्वतः आधी गाड्यांच्या असेंब्ली लाईनवर काम केलेला. एका साध्या दोन मजली घरात ऑफिस आणि मागं स्टुडिओ. गायक येणार-जाणार, पण त्या खोलीत वाजवणारी मंडळी ठरलेली, त्यांना फंक ब्रदर्स म्हणतात. टेम्प्टेशन्स, सुप्रीम्स, फोर टॉप्स, स्टीव्ही वंडर, मार्विन गे, सगळ्यांच्या मागं हीच माणसं. आणि त्यात बेसवर, म्हणजे खालच्या जाड सुराच्या गिटारवर, जेमरसन.

ते उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचे, तर्जनीनं. त्या बोटाला लोक 'द हूक' म्हणायचे. तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत असं त्यांचं म्हणणं, जुन्या मळलेल्या तारेतच तो जाड गोल आवाज आहे म्हणून. त्यांच्या आधी पॉप गाण्यातला बेस म्हणजे बहुतेक वेळा धूम-धूम करत ठोका धरून ठेवणारा, या माणसानं त्याला गाण्याच्या आत दुसरं गाणं गायला लावलं.

आता ऐकायचं काय. स्टीव्ही वंडरचं 'आय वॉज मेड टू लव्ह हर' लावा, १९६७ चं आहे. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा गायकाकडं लक्षच द्यायचं नाही, हेडफोन लावून खालचा आवाज धरायचा. एकदा सापडला की सोडवत नाही, तो सारखा चढतो उतरतो वळतो, आणि तरी गायकाच्या पायात कुठंच येत नाही. नंतर मार्विन गेचं 'व्हॉट्स गोइंग ऑन' लावा. त्या रात्री जेमरसन एवढे प्यालेले होते की स्टुलावर बसणं होईना, म्हणून जमिनीवर आडवं पडून वाजवलं असा किस्सा सांगतात. ऐकताना असं वाटतं की बेसवाला उसासे टाकायलाय.

आणि दादा तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, हो, तिकडं पण असंच होतं. मोटाऊनच्या रेकॉर्डवर वर्षानुवर्षं वादकांची नावंच छापली नाहीत. 'व्हॉट्स गोइंग ऑन' हा अल्बम १९७१ ला आला तेव्हा कुठं वादकांची नावं कव्हरवर आली, म्हणजे तोपर्यंत अर्ध्या जगानं यांचा बेस ऐकून झाला होता. नंतर कंपनी लॉस एंजेलिसला गेली, जेमरसन पण गेले पण तिथं मन रमलं नाही. १९८३ ला वारले, वय ४७. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव गेलं २००० साली.

अजून एक सांगतो मग थांबतो. टेम्प्टेशन्सचं 'माय गर्ल' सुरू होतं ना, आधी बेस, मग ती गिटारची चढत जाणारी सुरावट, जी जगात कुणालाही गुणगुणता येते, ती रॉबर्ट व्हाईटनं वाजवलेली. हे व्हाईट म्हातारपणी एका हॉटेलात जेवायला बसले होते आणि नेमकं तेच गाणं लागलं. वेटर ऑर्डर घ्यायला उभा. ते त्याला सांगायला गेले की हे मी वाजवलंय, आणि मधेच थांबले, निमूट ऑर्डर दिली. सोबतच्या माणसानं विचारलं कामून नाही सांगितलं, तर म्हणाले त्याला कुठं खरं वाटणार होतं. फंक ब्रदर्सवर २००२ साली एक माहितीपट निघाला त्यात हा किस्सा आहे. मी तो बघून उठलो आणि माझ्या पहिल्या गुरुजींना फोन लावला.

साऊंडवाला_लातूर

वादकांचं झालं, आता जरा साऊंडवाल्यांचं पण सांगू द्या, आम्हाला तर लोक आवाज फाटला तरच वळून बघतात.

ज्यांनी लाईव्ह ड्रमला माईक लावलाय त्यांना माहीत आहे, किकच्या, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, पोटात उशी नाहीतर जुनी गोधडी कोंबायची आणि माईक पार चामड्याजवळ न्यायचा, तवा तो छातीत बसणारा धप्प आवाज येतो. मी वीस वर्षं असंच करायलो. हे कुठून आलं याचा विचारच कधी केला नव्हता. बीटल्सचा एक इंजिनिअर होता जेफ एमरिक, पंधरा वर्षांचा असताना लंडनच्या ईएमआय स्टुडिओत कामाला लागला, आणि १९६६ ला 'रिव्हॉल्व्हर' अल्बमचं रेकॉर्डिंग त्याच्या हातात आलं तवा वय फक्त वीस. स्टुडिओचा नियम होता की ड्रमपासून माईक ठराविक अंतरावरच ठेवायचा, नाहीतर महागाचा माईक खराब होतो. यानं रिंगोच्या किकमध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला आणि माईक पार जवळ सरकवला. तो ड्रमचा आवाज त्याच्या आधीच्या बीटल्सच्या गाण्यांशी ताडून बघा, जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्याच अल्बममधलं 'एलिनॉर रिग्बी' लावा. त्यात गिटार नाही, ड्रम नाही, मागं फक्त आठ तंतुवाद्यं, चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो. ती लिहिली जॉर्ज मार्टिननी, बीटल्सचे प्रोड्युसर. एमरिकनं व्हायोलिनला पण माईक एवढे जवळ लावले की वादक अवघडून खुर्च्या मागं सरकवायला लागले. म्हणून त्यात गज तारेवर घासल्याचा तो करकर आवाज येतो, गोड व्हायोलिन नाहीच, धार लावल्यासारखं आहे. कान तिथं द्या.

जॉर्ज मार्टिनबद्दल लोकांना वाटतं की ते बीटल्समुळं मोठे झाले. पण आधी त्यांचं काम काय तर पीटर सेलर्ससारख्या कॉमेडी कलाकारांच्या रेकॉर्ड बनवायचं, त्यात चित्रविचित्र आवाज, टेप उलटी चालव, वेग बदल असले प्रयोग. ते सगळं पुढं उपयोगी आलं. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'चा किस्सा ऐका. बीटल्समधल्या जॉन लेननला एका टेकची, म्हणजे एका वेळच्या रेकॉर्डिंगची, सुरुवात आवडली आणि दुसऱ्याचा पुढचा भाग, म्हणला दोन्ही जोडा. आता दोन्हीचा वेग वेगळा आणि पट्टी पण वेगळी! आजच्यासारखा कॉम्प्युटर नाही, समोर फिरती टेप. मार्टिन आणि एमरिकनी एका टेपचा वेग वाढवला दुसऱ्याचा कमी केला, आणि योगायोगानं वेग जुळला तशी पट्टी पण जुळली, मग कात्रीनं कापून चिकटवलं. गाणं सुरू झाल्यावर साधारण एका मिनिटानं तो सांधा आहे. मला सापडायला चार वेळा ऐकावं लागलं, पण सापडला तवा अंगावर काटा आला.

अजून एक नाव, टॉम डाऊड, अटलांटिक रेकॉर्ड्सचा इंजिनिअर. मिक्सरवर आपण जे फेडर बोटानं खाली-वर सरकवतो ना, ते पहिले तिथं आणणारा हा माणूस. त्याच्या आधी मोठाले गोल नॉब असायचे, एका हातात एकच नॉब मावणार. यानं सरळ पट्ट्या केल्या म्हणजे दहा बोटांत दहा चॅनेल, पेटीवर हात ठेवल्यासारखं. आणि तरुणपणी हा अणुबॉम्बच्या प्रोजेक्टवर काम केलेला, मॅनहॅटन प्रोजेक्टवर! पुढं फिजिक्स शिकायला परत जायचं होतं पण तिथं जे केलं ते गुपित, बाहेर बोलायची सोय नाही, आणि कॉलेजात शिकवायचे ते त्याला आधीच मागं पडलेलं. मग तो रेकॉर्डिंगमध्येच राहिला. एरिक क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन या दोन गिटारवाल्यांची गाठ घालून दिली ती पण यानंच, 'लेला'मध्ये दोन गिटार एकमेकींना साद घालतात ते त्यातून आलं.

इंजिनिअर ब्रूस स्वेडियनबद्दल लिहायचं राहिलं, मायकल जॅक्सनच्या 'बिली जीन'चं मिक्सिंग त्यांनी ९१ वेळा केलं आणि शेवटी दोन नंबरचं मिक्स वापरलं. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं हे भिंतीवर लिहून ठेवावं. जनरेटर आला, निघतो.

रिपेअर_नांदेड

परभणीकर, तुम्ही रोज ज्याच्यावर काड्या मारता त्या ऑक्टोपॅडच्याच मालकाचं नाव कुणी घेतलं नाही अजून. इकुतारो काकेहाशी. रोलँड कंपनी त्यांची, १९७२ ला काढली.

माझ्याकडं रिपेअरला आठवड्याला दोन-तीन पॅड तरी येतात, बहुतेक एसपीडी ट्वेंटी. उघडलं की आत मिरवणुकीचा गुलाल, पावसाचं पाणी सुकलेलं, रबराखालचा सेन्सर उखडलेला. साफ करायचं, सोल्डर मारायचं, परत ठणठणीत. वीस-वीस वर्षांचे पीस अजून चालू आहेत. तवा मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

ओसाकाचे. लहान असतानाच आईबाप टीबीनं गेले. महायुद्ध संपलं तवा पंधरा वर्षांचे, पुढं सोळाव्या वर्षी घड्याळ रिपेअरचं दुकान टाकलं, मग रेडिओ दुरुस्तीकडं वळले. स्वतःला पण टीबी झाला, काही वर्षं दवाखान्यात काढली, स्ट्रेप्टोमायसिन नवीन आलं होतं त्यावर वाचले. म्हणजे मूळचे आमच्याच जातकुळीतले, समोर बिघडलेली वस्तू ठेवली की उघडून बघणारे. वादक म्हणून त्यांचं नाव कधीच नव्हतं.

१९८० ला त्यांच्या कंपनीनं टीआर-८०८ नावाचं रिदम मशीन काढलं. त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा नव्हता, म्हणून त्या वेळी फार कुणी घेतलं नाही, जेमतेम बारा हजार पीस बनले आणि १९८३ ला बंद. एक गोष्ट आमच्या धंद्यातल्याला फार भिडते, त्याच्यात तो झांजेचा सळसळ आवाज काढायला त्यांनी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले होते, जे बाकीचे लोक फेकून देतात ते. पुढं तसा माल मिळणं कमी झालं आणि मशीन बंद व्हायचं ते पण एक कारण. मग ही मशीन सेकंडहँड बाजारात स्वस्तात आली, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतल्या पोरांनी ती घेतली आणि हिप-हॉप त्याच्यावर उभं राहिलं.

ऐकायचं असंल तर मार्विन गेचं 'सेक्शुअल हीलिंग', १९८२. वर बेसवाल्या भाऊंनी सांगितलेलाच गायक, पण आता मागं फंक ब्रदर्स नाहीत, हे मशीन आहे. टाळीसारखा एक आवाज येतो आणि खाली जमिनीतून आल्यासारखा मऊ किक. आज डीजेच्या गाडीवर जो बेस काच हलवतो त्याचा आजोबा तोच किक आहे.

आणि मिडी, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायची भाषा. कॅसिओला एक केबल लावली की दुसऱ्या कंपनीचा मॉड्युल पण वाजतो, हे आज आपल्याला काहीच वाटत नाही. पूर्वी एका कंपनीचं यंत्र दुसऱ्याशी बोलायचंच नाही. काकेहाशी आणि अमेरिकेतले डेव्ह स्मिथ यांनी पुढाकार घेऊन सगळ्यांना एका भाषेवर आणलं, १९८३ ला अमेरिकेत एका प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड जोडून दाखवले. त्याच्यावर पैसा कमवायचा नाही, सगळ्यांना फुकट द्यायचं असं ठरवलं. दोघांना मिळून २०१३ ला टेक्निकल ग्रॅमी मिळालं. २०१७ ला काकेहाशी गेले. मी त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येक पोराला सांगितलं, ऐकून घेतलं सगळ्यांनी.

गोदाकाठ

सगळ्यांनी मस्त लिहिलंय. मी म्हणतो फिल स्पेक्टरचं नाव का नाही? वॉल ऑफ साऊंड, म्हणजे ढीगभर वाद्यं एकदम वाजवून उभी केलेली आवाजाची भिंत! 'बी माय बेबी' १९६३ चं. प्रोड्युसर हा पण कलाकार असतो हे जगाला त्यानंच दाखवलं ना, याच्याशिवाय ही चर्चा अपुरी आहे.

अंबाजोगाईची_लेक

गोदाकाठ दादा, गाण्याबद्दल तुमचं बरोबर आहे पण मला ते सगळं श्रेय एकट्या स्पेक्टरला द्यायला नाही पटत. ती भिंत एकट्यानं थोडीच बांधली? वाद्यांची मांडणी जॅक नित्शेनी लिहिली, रेकॉर्डिंग लॅरी लेव्हीननी केलं, गोल्ड स्टार स्टुडिओच्या एको चेंबरचा, म्हणजे आवाज घुमवायच्या खोलीचा, तो घुमणारा आवाज, आणि 'बी माय बेबी'चा तो पहिला ड्रम, धूम, धधूम, फाट्, तो हॅल ब्लेनचा. पुढं किती जणांनी तो ठोका उचलला याची गणती नाही. स्पेक्टरला एका बाईच्या खुनासाठी २००९ ला शिक्षा झाली आणि तो कैदेतच २०२१ ला मेला, हे पण त्याच्या नावासोबत सांगायला पाहिजे.

आणि त्याच्याच दारात एका गायिकेवर काय अन्याय झाला ते ऐका. 'हीज अ रेबेल' १९६२ ला अमेरिकेत एक नंबरला गेलं, रेकॉर्डवर नाव क्रिस्टल्स या ग्रुपचं. प्रत्यक्षात त्या पोरींनी ते गायलंच नव्हतं, आवाज डार्लीन लव्हचा. स्वतःच्या आवाजातलं एक नंबरचं गाणं रेडिओवर ऐकायचं आणि नाव दुसऱ्यांचं. परभणीच्या दादांनी विचारलं ना पडद्यामागं कोण, तर इथं गायिकाच पडद्यामागं होती.

मला खरं तर कॅरल के यांच्याबद्दल लिहायचं होतं. मी शाळेत शिकवते, गिटार चाळिशीत हातात घेतली, त्यामुळं या बाईंचं मला फार अप्रूप आहे. लॉस एंजेलिसच्या क्लबांमध्ये जॅझ गिटार वाजवायच्या, घरी लेकरं, त्यातून स्टुडिओचं काम धरलं कारण त्यात पैसा बरा मिळायचा. १९६३ ला एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही म्हणून यांच्या हातात बेस दिला, आणि त्या दिवसापासून तोच मुख्य झाला. खोलीभर पुरुष आणि मध्ये ह्या एकट्या, दिवसाला तीन-तीन चार-चार सेशन. बोटानं नाही, पिकनं वाजवायच्या, आणि तारांवर ब्रिजजवळ, म्हणजे तारा खाली जिथं टेकतात तिथं, फेल्टचा (जाड लोकरी कापडाचा) तुकडा चिकटवायच्या म्हणजे आवाज घुमत राहत नाही, नेमका आणि सुटा येतो. मी घरी जुन्या कंपासपेटीतला फेल्टचा तुकडा कापून लावून बघितला, खरंच तसा टुक् टुक् आवाज यायला लागला, लेक पळत बघायला आली.

त्यांचं काम ऐकायचं तर सॉनी आणि शेर यांचं 'द बीट गोज ऑन'. गाणं हातात आलं तेव्हा एकाच कॉर्डवर चाललेलं, सपाट. कॅरल के यांनी बसल्या बसल्या तो बेसचा तुकडा बसवला, डम डम डडम् असा, आणि गाणं त्याच्यावरच उभं आहे. तो तुकडा काढून टाकला तर हातात काय राहतं सांगा. गीतकार म्हणून त्यांचं नाव कुठं नाही. २०२५ ला हॉल ऑफ फेमनं त्यांचं नाव जाहीर केलं तर नव्वदीच्या त्या बाईंनी नको म्हणून सांगितलं. मला तर तो नकार पण त्यांच्या वाजवण्यासारखाच वाटला, नेमका आणि सुटा.

गोदाकाठ

ताई, पटलं. डार्लीन लव्हचं मला माहीतच नव्हतं. रात्रीपासून तेच गाणं ऐकायलो.

जुनी_रेकॉर्ड_बीड

विषय इंग्रजी गाण्यांचा आहे तरी दोन ओळी आपल्या हिंदीच्या लिहितो. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमधली ती भरगच्च व्हायोलिनं ज्यांनी लिहून काढली ते सेबॅस्टियन डिसूझा. आणि गोव्याचे अँथनी गोन्साल्विस, व्हायोलिन वादक आणि अरेंजर, प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ ला 'अमर अकबर अँथनी'त प्यारेलालनी त्या नावाचं गाणं करून गुरूंचं नाव गावागावात पोचवलं, आपण सगळे लग्नात त्याच्यावर नाचलो, पण ते नाव खऱ्या माणसाचं आहे हे नाचणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं? शिष्यानं गुरूचं ऋण असं फेडलेलं मी तरी दुसरं बघितलं नाही.

आणि ऑटोट्यून, म्हणजे बेसूर आवाज सुरात आणणारं सॉफ्टवेअर, ज्यानं काढलं तो अँडी हिल्डेब्रँड आधी जमिनीखाली तेल शोधायच्या कामात होता, लहरी जमिनीत पाठवून परत आलेल्या वाचायच्या. तेच गणित १९९७ ला आवाजावर लावलं. शेरचं 'बिलीव्ह' ऐका, आवाज मधेच काचेसारखा वाकतो तिथं.

ऑक्टोपॅड_परभणी

मंडळी, चार दिवस उत्तर देता आलं नाही, सेलूकडं कार्यक्रम होते. येता-जाता गाडीत सगळी गाणी ऐकली, ड्रायव्हरला पण पाठ झाली.

बेसवाले भाऊ, 'आय वॉज मेड टू लव्ह हर' पहिल्या दोन वेळा मला फक्त स्टीव्ही वंडरच ऐकू आला. तिसऱ्या वेळी मानवतच्या पुढं अंधारात डोळे मिटून बसलो आणि बेस सापडला, आता गाणं लावलं की गायक नंतर ऐकू येतो. नांदेडच्या काका, 'सेक्शुअल हीलिंग'मधली ती टाळी माझ्या पॅडवर आहे, चौदा वर्षं मी ती वाजवायलोय आणि तिचं घराणं मला आज कळालं. लातूरच्या भाऊ, तो सांधा मला अजून सापडला नाही, सापडला की इथंच सांगतो. ताई, फेल्टचं भाच्याला सांगितलं, त्यानं लगेच लावून बघितला.

आणि कॅसेटचं. काल सेलूहून येताना वाट वाकडी करून काकांच्या जुन्या दोस्ताकडं गेलो, तेच एक आता त्या ग्रुपमधले राहिलेत, ऐंशीच्या पुढं आहेत. मोबाईलवर ती कॅसेट रेकॉर्ड करून नेली होती, ती ऐकवली. डोळे मिटून मांडीवर ताल धरला त्यांनी. ढोलकी कोण विचारलं तर पहिल्या कडव्यातच नाव सांगितलं, संबळ कोण तेही सांगितलं, आणि कोरसमध्ये दोन बाया आहेत त्यातली एक आमच्या शेजारच्या गावची, ती अजून आहे म्हणे. तो कागद मी सोबतच नेला होता. त्यांच्याकडूनच निळा पेन घेतला आणि काकांच्या नावाखाली चारी नावं त्यांच्यासमोर लिहिली. कोपऱ्यात जागा पुरली नाही म्हणून शेवटचं नाव उभं लिहावं लागलं. पुढच्या रविवारी त्या मावशीकडं चाललोय, कॅसेट घेऊन.